बाई काल येऊन गेल्या

६ नोव्हेंबर १९७८, सोमवार

पोचले. नोकरीच्या गावी येताना घाबरायला होईल असं वाटलं होतं, पण उलट सगळ्या वाटेनं हसूच येत होतं.

अंबडहून सकाळची एसटी धरली. टपावर ट्रंक, मांडीवर बीपीचं यंत्र. ट्रंकेपेक्षा यंत्राचीच काळजी जास्त, कारण अंबडच्या डॉक्टरसाहेबांनी देताना दोनदा बजावलं होतं की पारा सांडला तर दुसरं मिळणार नाही. फाट्यावर उतरले तर चतुराबाई घ्यायला उभ्या. पन्नाशीच्या, काटक, दातांना मिश्री. उपकेंद्राची झाडलोट त्यांच्याकडे आणि गावच्या सुईणही त्याच. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "एवढ्याशा हाडाची नर्स दिली व्हय सरकारनं? बाळंतिणीच्या आधी तुम्हालाच धरावं लागल." ट्रंक डोक्यावर घेतली आणि दोन मैल बोलत चालल्या. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणीच्या बाया ओळीनं वाकलेल्या. कोणी मान वर केली नाही. कामाची घाई असेल.

बोरसांगवीचं उपकेंद्र गावाबाहेर, तीन पायऱ्या चढून. पुढची खोली दवाखान्याची, मागची माझी. दिवाळीला चुना दिलेला, अजून हाताला लागतो. बाकडं, टेबल, औषधांचं कपाट, आणि मागच्या खोलीच्या खिडकीतून गोदावरीकडचा ऊस दिसतो. बदनापूरच्या शाळेत वडील मास्तर आहेत, त्यांनी ही वही दिली. म्हणाले, सरकारी रजिस्टरात गावाचं लिहिशील, यात तुझं लिही.

तीन पांढऱ्या साड्या धुऊन, नीळ देऊन ठेवल्या आहेत. उद्यापासून काम.

८ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवसांत एकशे बारा घरं झाली. पद्धत अशी की घराला भेट दिली की दाराशेजारच्या भिंतीवर गेरूनं तारीख घालायची आणि खाली सही करायची. तपासणीस येतात ते भिंती वाचतात. मी आडनावाचं 'बे.' एवढंच लिहिते आणि खाली एक रेघ. एका म्हाताऱ्यानं ओट्यावरून सांगितलं की आमच्या भिंतीला सरकारचं लई औषध झालं, आता माणसाला द्या. मी हसले. तो हसला नाही.

सुना माझ्याकडे बघत नाहीत. पदर कपाळाच्या खाली, नजर माझ्या पायांवर. पांढरी साडी, काळ्या चपला आणि पिशवी दिसली की नर्सबाई आल्या, एवढीच ओळख. प्रत्येकीला सांगितलं, उपकेंद्रात या, तपासून घ्या. प्रत्येकीनं मान हलवली.

साहेबरावांचं घर मोठं, वीस एकर शेती. त्यांची बायको कौसल्या, एकोणीस वर्षांची, सातवा सरत आलाय. पहिलं मूल पोटातच गेलेलं. सासू दुर्गाबाई. मी कुठली, कोणाची, हे त्यांना आधीच कळलेलं असावं. ओसरीत पोतं टाकलं, बसा म्हणाल्या. पाणी दिलं ते वरून ओंजळीत. मी आत यायचं विचारलं. न्हाई, हितंच बघा, म्हणाल्या. कौसल्या उंबऱ्याच्या आत बसली, मी बाहेर. तिनं हात उंबऱ्यावरून बाहेर केला आणि मी त्याला पट्टा बांधला. एकशे चाळीस, नव्वद. मग पाय पुढे केले. घोट्यावर अंगठा दाबला तर खड्डा राहिला. तिचं तोंड काही दिसलं नाही.

मीठ कमी करा, आठ दिवसांनी उपकेंद्रात आणा, असं सांगितलं. दुर्गाबाई बघू म्हणाल्या.

बाहेर बसवलं याचं मला काही वाटलं नाही. लहानपणापासून अशी पोती बघितली आहेत.

१३ नोव्हेंबर, सोमवार

पाच दिवस उपकेंद्र उघडून बसले. एकही बाई पायरी चढली नाही. एक पुरुष आला, बैलाच्या खांद्याला लावायला आयोडीन मागत होता. दिलं.

आज चतुराबाईंना सरळ विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या, हात न थांबवता सांगितलं. दोन वर्षांमागं, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचा आकडा पुरा करायची घाई होती तेव्हा, तालुक्याहून जीप आली. तेव्हाच्या नर्सबाईंनी घरोघर निरोप दिला की ताकदीचं इंजेक्शन आहे, या. अकरा बाया आल्या. याच पायऱ्यांवरून त्यांना जीपमध्ये घातलं. शिबिरात नेऊन ऑपरेशन केलं. दहा परत आल्या. अकरावी सोनूबाई, दुर्गाबाईंची थोरली सून, साहेबरावांची वहिनी. टाका पिकला, ताप मेंदूत गेला. ती नर्सबाई जीपबरोबरच गेली, सामान न्यायलासुद्धा आली नाही.

म्हणजे मी ज्या उंबऱ्याबाहेर बसून उपकेंद्रात आणा म्हणाले, तिथून एक सून उपकेंद्रातच आणली होती.

चतुराबाई म्हणाल्या, "बाया वाईट न्हाईत, बाई. पण चला म्हणणारं माणूस आलं की त्यांचं काळीज पाणी व्हतं."

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

पुन्हा फेरी सुरू केली. पहिल्याच घरी केशरबाई म्हणाल्या, आज परत कशाला त्रास घेतला, कालच तर येऊन गेल्त्या. मला वाटलं, आठवड्यामागचं म्हणत असतील. भिंतीकडे बघितलं. १६-११, खाली 'बे.', त्याखाली रेघ.

काल मी दिवसभर जनगणनेचे जुने कागद जुळवत आत बसले होते.

सात घरांवर कालची तारीख आहे. गेरू तोच, अक्षर माझं. रेघ शेवटी जरा वर जाते, तशीच. सातही बायांनी सांगितलं की बाई आल्त्या, बसल्या, लई चांगलं बोलल्या. काय बोलल्या? काही न्हाई म्हणाल्या, सगळं बराबर हाय, कुठं जायची गरज न्हाई.

दुपारी तपासणीस रामराव सायकलवर आले. भिंती वाचत गावातून फिरले आणि खूष झाले. तालुक्यात एवढ्या भेटी कोणाच्याच नाहीत, म्हणाले. मी सांगायला तोंड उघडलं, पण काय सांगणार? सगळ्या सह्या माझ्या आहेत.

२२ नोव्हेंबर, बुधवार

बौद्धवाड्यात कचरूचं तान्हं गेलं. सात महिन्यांची मुलगी.

सोमवारी मी बघून आले होते. जुलाब, टाळू खोल गेलेली, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहत होती. हे आपलं घर, इथं मला पोतं टाकत नाहीत, चुलीजवळ बसवतात. मीठ-साखरेचं पाणी करून दाखवलं, चमचा-चमचा देत राहा, काही झालं तरी पाणी बंद करू नका, म्हणाले. तिची आई उषाबाई शहाणी आहे. माझ्यासमोर वीस चमचे पाजले. मंगळवारी उजाडल्यावर उपकेंद्रात आणायचं ठरलं.

मंगळवारी आणलं नाही. मी नऊपर्यंत वाट बघून गेले. मुलगी डोळे अर्धे उघडे ठेवून पडली होती. आजी म्हणाली, तुम्हीच तर काल दिवेलागणीला येऊन सांगितलं, पाणी बंद करा, आपोआप आटतं, तिकडं आणू नका. उषाबाईंनी मान हलवली. म्हणाल्या, तुम्ही मांडीवर घेऊन बसलात तिला कितीतरी वेळ.

गाडी जुळवेपर्यंत दुपार झाली. मुलगी फाट्यापर्यंतही पोचली नाही.

आज भेटायला गेले. कोणी मला बोल लावला नाही. उषाबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही दोनदा आल्त्या, एवढं कोन करतं." मी हात सोडवून घेतला नाही. रडू आलं नाही. दाराशेजारी २०-११ दोनदा लिहिलं होतं. एक मी लिहिलेलं. कुठलं ते मला ओळखता आलं नाही.

२५ नोव्हेंबर, शनिवार

मीच जात असेन आणि विसरत असेन, असं तीन दिवस वाटत होतं. नर्सिंगच्या शाळेत अशा रोग्यांबद्दल शिकवलं होतं. म्हणून आज चतुराबाईंना सांगितलं की सकाळपासून माझ्यासमोर बसा, माझ्यावरून नजर काढू नका. चपला त्यांच्या पदराखाली दिल्या. गेरूचा डबा कुलपात. दोघी दिवसभर बाकड्यावर बसलो. त्यांनी वाती वळल्या. मी बोळे केले. परसाकडे गेले तेव्हाही त्या मागे आल्या.

पाचला दोघी गावात गेलो. चौदा घरांवर आजची तारीख. अजून ओली होती, बोटाला लागली.

चतुराबाई घाबरतील असं वाटलं. त्या घाबरल्या नाहीत. परतताना एवढंच बोलल्या, "तुम्ही माझ्यासमोर व्हत्या, शपथ घेऊन सांगते. पण तिकडं बी व्हत्या." मी विचारलं, ती कोण आहे? मग म्हणाल्या की दोन वर्षं सगळं गाव मनातून वाट बघून राह्यलं होतं, नर्सबाई यावी, जवळ बसावी, अन् चला म्हणू नये. "तुम्ही आल्या, तुमच्या अंगावर पांढरी साडी. मंग तीबी आली."

त्यांनासुद्धा तिची सवय झाली आहे. तिच्याबद्दल त्या घरच्या माणसासारखं बोलतात.

डॉक्टरसाहेबांना पत्र लिहिलं. यातलं काही लिहिता येत नाही म्हणून फाडलं. बदलीचा अर्ज लिहिला. मग कौसल्येचे पाय आठवले, तोही फाडला.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

साहेबरावांच्या घरी गेले. भिंतीवर चार तारखा. माझी एकच, पहिली.

मागच्या वेळेसारखी ओसरीत थांबले. दुर्गाबाई बाहेर आल्या आणि नवलानं बघत राहिल्या. म्हणाल्या, आज बाहेर का उभ्या? काल तर चुलीपाशी बसून चहा घेतला. मी विचारलं, तुम्ही मला आत घेतलंत? त्या ओशाळल्या. म्हणाल्या, तुम्ही इचारलंच न्हाई. सरळ आत आल्या, कौसल्येचं डोकं मांडीवर घेतलं. आमच्या तोंडातून न्हाई निघालंच न्हाई.

मी नेहमी विचारते. आणि विचारलं की न्हाई येतं.

तरी आज मला आत जाता आलं नाही. पाय उचलला होता. दुर्गाबाईंची नजर माझ्या पायांकडे गेली आणि मी पोत्यावर बसले.

हात बाहेर आला. बोटं सुजलेली, बांगड्या रुतलेल्या. एकशे साठ, एकशे दहा. लघवी मागितली, तिथंच ओसरीत नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. दह्यासारखी फुटली. चार दिवसांपासून कपाळ दुखतंय, आतून कौसल्या म्हणाली. डोळ्यांपुढे काजवे येतात.

दुर्गाबाईंना सगळं सांगितलं. हे झटक्यांवर जाईल. झटके आले की आई आणि मूल दोन्ही जातात. जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, आठवड्याच्या आत, त्याहून आधी. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या की काल त्याच यंत्रावर तुम्ही सांगितलं, सगळं बराबर हाय. दोन दिवसांत दोन गोष्टी कशा सांगता? एक सून दिली तुम्हाला. आता दुसरी न्हाई.

मी म्हणाले, काल आलेली मी नव्हते.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं खोटं बोलणाऱ्या पोराकडे बघतात.

३० नोव्हेंबर, गुरुवार

साहेबरावांना शेतात गाठलं. तिथं ती येत नाही, ती घरांतच येते. भर दुपार, माणसं आजूबाजूला. तेवीस-चोवीसचा माणूस, नववी शिकलेला. नळीतली फुटलेली लघवी बरोबर नेली होती, ती दाखवली. खूप वेळ बघत राहिला. म्हणाला, वहिनीच्या वेळी मी जीपमागं धावल्तो, फाट्यापर्यंत. मी सांगितलं, जीप नाही. तुमची गाडी, तुमचे बैल, तुम्ही स्वतः बरोबर, मीही बरोबर. ऑपरेशन होणार नाही, तुम्ही दाराशी बसा.

कबूल झाला. आईला सांगणार नाही. शनिवारी सकाळी आठला गाडी जुंपतो, फाट्यावरून एसटी. उद्याच जाऊ म्हणाले तर बैल ऊस वाहायला गेलेत, उद्या संध्याकाळी येतात.

आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी माझं ऐकलं. आनंद व्हायला हवा होता.

१ डिसेंबर, शुक्रवार

उपकेंद्रातच बसले. यंत्र, गोळ्या, धुतलेलं कापड पिशवीत भरलं. जालन्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली.

चार वाजता चतुराबाई आल्या. म्हणाल्या, पाटलाच्या गल्लीत गेल्त्या ना आत्ता, मी हाक मारली तर वळल्या न्हाई. आणि मग बाकड्यावर बसलेल्या माझ्याकडे बघितलं.

पाटलाच्या गल्लीत साहेबरावांचं घर आहे.

गेले. दार लावलेलं. आतून बोलणं — समजुतीचा, हळू आवाज. माझा आवाज मी बाहेरून कधी ऐकला नव्हता. चांगला आहे. ऐकत राहावासा वाटतो.

दार वाजवलं. कोणी उघडलं नाही. आत दुर्गाबाई हसत होत्या —

२ डिसेंबर, शनिवार, सकाळ

साहेबरावांच्या ओसरीत बसून लिहितेय. पेन्सिलीनं. आठ वाजून गेले. गाडी नाही. साहेबराव बैल आणायला मळ्यात गेलाय, चतुराबाईंना त्याच्यामागं पाठवलं.

आल्यावर दुर्गाबाईंना म्हणाले, मी कौसल्येला बघते. त्यांनी पोतं टाकलं. कोण तुम्ही, असं बघत म्हणाल्या —

"आत नर्सबाई हायेत. तुम्ही बसा."

बसले. का बसले? पाय आपोआप वाकले.

दार अर्धं उघडं. पांढरी साडी दिसते. पाठ. मांडीवर कौसल्येचं डोकं. फुगा दाबल्याचा आवाज येतोय, हवा सुटल्याचा. यंत्र माझ्या पिशवीत आहे. आत्ता हात लावून बघितला, आहे. आतून आवाज: एकशे दहा, सत्तर. छान आहे गं. झोप तू.

कौसल्या म्हणते, बाई, मला दिसत न्हाई. दिवा लावा.

उजेड आहे. सकाळ आहे.

झोप, म्हणते ती. झोप.

हात थरथरतोय तिचा — कौसल्येचा — पहिला झटका असाच — बोटांपासून —

दुर्गाबाईंना हाक मारली. त्या म्हणतात, बाई हायेत ना जवळ.

गाडीचा आवाज. लांब आहे. बांधावर.

मी आत जातेय. विचारणार नाही. पण आत गेल्यावर दोघींपैकी बाहेर कोण येईल, सांगता येत नाही. पान ओसरीत ठेवते. साहेबराव, तुम्हाला वाचता येतं, म्हणून तुमच्यासाठी. कौसल्येला उचला आणि गाडीत घाला. आईला विचारू नका. मला विचारू नका. मी बाहेर आले, शांत दिसले, गोड बोलले, सगळं बराबर हाय म्हणाले, तर माझं ऐकू नका. मी आडवी आले तर मला ढकला. फाट्यावर नऊ चाळीसची

तिनं मागं वळून बघितलं. हसते आहे. ती मला म्हणते आहे, ये ना, तू पण दमलीस, बस जरा इथं —

साहेबराव, मी काहीही म्हणाले तरी गाडी थांबवू